होमस्कूलिंग करताय? कागदांच्या या चुका टाळा

लेकीला तिसरीनंतर शाळेतून काढलं, तेव्हा दाखल्यावरच्या 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी क्लार्क थांबले. "घरीच शिकवणार आहोत," मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं नाही हो लिहिता येत." शेवटी 'पालकांच्या विनंतीवरून' यावर तडजोड झाली.

नवे पालक पहिली चूक इथेच करतात. परवानगी कुठे मिळते, हे शोधत पंचायत समितीपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत चपला झिजवतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा किंवा दंड मात्र त्या कायद्यात सांगितलेला नाही. घरी शिकवण्यासाठी वेगळी परवानगी नाही की नोंदणीही नाही. तेव्हा 'होमस्कूलिंग नोंदणी प्रमाणपत्र' म्हणून कुणी पैसे मागितले, तर सरळ उठून या. आणि 'हे पूर्ण कायदेशीर आहे' असं सासरच्यांना छातीठोकपणे सांगायलाही जाऊ नका. तेही खरं नाही.

दंडाची भीती आहे ती वेगळ्याच ठिकाणी. चार घरं एकत्र येतात, एक फ्लॅट भाड्याने घेतात, शिकवायला ताई ठेवतात, वेळापत्रक लागतं, महिन्याची फी ठरते, बाहेर पाटीही लागते. हौसेने सुरू झालेलं हे प्रकरण विनामान्यता शाळा ठरू शकतं. कलम १८ प्रमाणे त्याला एक लाखापर्यंत दंड आहे, आणि तरीही चालूच ठेवलं तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमणं वेगळं आणि हे वेगळं.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला जिवापाड जपा. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरताना तो लागतो. हरवला तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्राच्या खेपा. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे हुशार मुलाला बाराव्या वर्षीच बसवू हा बेत सोडा. घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ मध्ये प्रोग्रामिंगच्या ऑलिंपियाड स्पर्धेतल्या पदकांवर अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात प्रवेश मिळाला, हे उदाहरण सगळे देतात. बारावी नसल्यामुळे तिला आयआयटीचं दार बंद होतं, हे सांगायचं मात्र राहून जातं.

मध्येच शाळेत परतायचं झालं तर घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम ४ नुसार वयाप्रमाणे वर्ग मिळतो.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले की दार लावून घेणारे पालक मी पाहिलेत. आमच्याकडे आलेल्या बाईंना लेकीच्या वह्या, तिने काढलेला ओढ्याचा नकाशा, तारखांसकट दाखवला. त्यांनी चहा घेतला, सतराचा पाढा म्हणून घेतला आणि जाताना जन्मदाखल्याची झेरॉक्स तेवढी मागून नेली.