गिअर ऑइल घरी बदलताय? आधी वरचा बोल्ट सोडवा

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा अशी गिअरची ये-जा सतत चालू असते. स्पोर्ट्स कार असो की जोरकस इंजिनाची हॅचबॅक, दुसरा गिअर पडताना अडखळायला लागला तर गिअरबॉक्स उघडायच्या गोष्टी करण्याआधी ऑइल बदलून बघा. घरच्या अंगणात दीड तासात होणारं काम आहे.

ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या. ‘गिअर ऑइल सगळं सारखंच’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. पुस्तिकेत ७५W-९० (ऑइलचा दाटपणा) जीएल-४ (दर्जा) लिहिलं असेल तर ट्रॅक्टरला लागणारं ईपी-९० चालत नाही. ते थंडीत घट्ट राहतं आणि डिसेंबरच्या सकाळी गिअर पडता पडत नाहीत. जीएल-५ मध्ये गिअरचे दात वाचवणारी रसायनं जास्त असतात. त्यातली काही ऑइलं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडताना दोन्हीकडचा वेग जुळवणाऱ्या भागाच्या, पितळी रिंगांना खातात. शिवाय रिंगेला पकड घेण्यासाठी थोडं घर्षण लागतं, तेच नाहीसं झालं की गिअर कर्रकन वाजतो. काही कंपन्या स्वतःचंच ऑइल मागतात, तिथे पर्याय शोधू नका. छोट्या गाड्यांत साधारण दोन लिटर बसतं. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. दोन्ही बोल्टांचे वॉशर नवे आणा.

पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होतं. सायलेन्सरचा पाइप निवू द्या, मग गाडी चार जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

गाडी सपाट हवी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांत पोर्चला बहुतेक वेळा पाणी वाहून जायला उतार काढलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. गवंड्याची लेव्हलची नळी गाडीच्या दारांखालच्या दोन्ही उंबऱ्यांपाशी धरा आणि स्टँड वरखाली करून पाणी जुळवा. गाडी तिरकी राहिली तर ऑइल कमी तरी भरतं नाहीतर जास्त तरी.

आता खरं काम. गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात, भरायचा वर आणि सोडायचा खाली. वरचा सुटल्याशिवाय खालच्याला पाना लावायचा नाही. खालचा सोडून ऑइल काढून टाकलं आणि वरचा जॅम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही, टोचन करूनच न्यावी लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचा ड्रेन बोल्ट जवळच असतो. तो चुकून सोडून इंजिन ऑइल सांडणारे आणि मग गिअरबॉक्समध्ये दुप्पट भरणारे बरेच असतात. बोल्ट कुठल्या केसिंगवर (बाहेरच्या कवचावर) आहे ते बोटाने चाचपून खात्री करा.

वरचा बोल्ट एलन कीचा (सहा कोनी खाचेचा) असेल तर खाचेत वर्षांची माती दगडासारखी बसलेली असते. ती टोच्याने खरवडून तळ उघडा पडेपर्यंत काढा. की अर्धीच आत गेली की खाच गोल होते, आणि गोल झालेला बोल्ट मग बहुतेक वेळा वेल्डिंग करूनच काढावा लागतो. बाहेरून पाना लागणारा बोल्ट असेल तर सहा कोनी सॉकेट वापरा, बारा कोनी नको. की हातोडीने ठोकून बसवा, त्या ठोक्यानेही पकड सैल होते. तरी हलत नसेल तर हॉट एअर गनने बोल्टभोवतीचं केसिंग तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून आटे सुटतात. ज्योत मात्र अजिबात नको, शेजारीच रबरी सील आणि वायरी असतात. मग लांब दांड्याने झटका न देता सावकाश जोर लावा. पाठीवर पडून काम करताना दिशा उलटी वाटते, म्हणून बोल्ट तुमच्या समोर आहे असं धरून घड्याळाच्या उलट फिरवा. घट्ट करून आटे मारलेत तर लेथवाल्याकडे हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवायला लागेल.

वरचा सुटला की खालचा सोडा आणि धार थांबेपर्यंत निथळू द्या. बोल्टच्या लोहचुंबकावर काळपट लोण्यासारखा थर असतो, तो नेहमीचाच. टोचणारी कपची किंवा दाताचा तुकडा सापडला तर मेकॅनिकला दाखवा. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो झिजतायत.

निघालेलं ऑइल खुणेच्या बाटल्यांत मोजा. पुस्तिकेपेक्षा बरंच कमी असेल तर सील गळतंय का ते बघा. खालचा बोल्ट नव्या वॉशरसह टॉर्क रेंचने (जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) कसा, अंदाजाने नको. नवं ऑइल हातपंपाने किंवा वरून नळी-नरसाळ्याने भरा. वरच्या भोकातून बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. मग तोही बोल्ट कसा. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून तिरकी करून भरू नका. जादा ऑइल फेसाळतं आणि सीलमधून वाट काढतं.

जुनं ऑइल गटारात नको, तिथून ते वेण्णा-कृष्णेलाच जातं. जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजच्या पिंपात द्या. एक फेरी मारून आल्यावर रात्रभर गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरा आणि सकाळी दोन्ही बोल्टांच्या खालची जागा बघा.