साम्राज्यवादाचा प्रश्न: लेनिनच्या आधी मल्हारराव वाचा

बडोद्यात राहून इतिहासात एम.ए. किंवा नेट करणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी लिहितेय. प्लासी, वखारी, तैनाती फौज तुम्हाला येतं, ते पुन्हा उगाळत नाही. पण ‘साम्राज्यवाद म्हणजे काय’ हा प्रश्न दिसतो सोपा आणि भल्याभल्यांना आडवा करतो. मलाही केलंय.

मुलूख जिंकला, झेंडा लावला, झाला साम्राज्यवाद, असं धरून बसलात की उत्तर पहिल्या परिच्छेदातच आटोपतं. मग उरलेली पानं भरायला साम्राज्यवादावर लिहिणाऱ्यांची हॉब्सन १९०२, लेनिन १९१६ अशी नावं ओतायची. ‘व्याख्या पाठ करा, परीक्षक नावं मोजतात’ असं सांगणारे सर प्रत्येकाला भेटतात. नाही हो मोजत. समोरचा शांतपणे विचारतो, बडोदा तर कधी खालसा झालं नाही, मग इथे साम्राज्यवाद होता की नव्हता? तिथे पाठांतराची दातखीळ बसते.

याचं उत्तर गावातच आहे. १८०५ पर्यंतच्या तहांनी गायकवाडांच्या गळ्यात तैनाती फौज पडली. फौज कंपनीची, खर्च गायकवाडांचा, आणि इतर राज्यांशी परस्पर बोलणी बंद. गादी मात्र शाबूत. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष सापडलं आणि संशय थेट बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. बंगालचे सरन्यायाधीश कौच यांच्यासह तीन इंग्रज, आणि तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. इंग्रज म्हणाले दोषी. आपल्या तिघांना गुन्हा सिद्ध झाला असं वाटलं नाही. तीन विरुद्ध तीन.

आता नीट बघा, कारण सगळं इथेच आहे. निकाल बरोबरीत सुटला तरी एप्रिल १८७५ मध्ये सरकारने महाराजांना गादीवरून काढलंच, आणि कारण दाखवलं गैरकारभाराचं. त्यांची रवानगी मद्रासला. मे महिन्यात कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला, तेच आपले सयाजीराव. राज्याची एक इंचही जमीन यात इंग्रज सरकारने घेतली नाही. पण राजा कोण, तो राहणार की जाणार, त्याच्या जागी कोण येणार, हे ठरलं बडोद्याबाहेर. एका राज्याच्या कारभारात, तिजोरीत, वारसाहक्कात शेवटचा शब्द दुसऱ्या सत्तेचा असणं हा साम्राज्यवादाचा गाभा. मुलूख खालसा करणं हा त्याचा एक मार्ग, एकुलता एक नाही.

एवढं पक्कं झालं की १९५३ चा गॅलाघर आणि रॉबिन्सन या इतिहासकारांचा लेख आपोआप कळतो: जमेल तिथे अनौपचारिक ताबा, गरज पडली तर औपचारिक. बडोदा या दोन्हींच्या मध्ये बसतं, कारण तह लेखी होते आणि रेसिडेंट दारात होता. ही बारीक ओळ लिहाच.

लेनिनबद्दल एक ताकीद. त्याचं विवेचन मक्तेदारी आणि बँकांच्या भांडवलाबद्दल आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या जगाबद्दल. ते १८०५ च्या तहाला चिकटवलंत तर गुण गेलेच समजा. व्याख्येलाही सन असतो.

झेरॉक्सवाल्याकडच्या तयार नोट्सवर माझा राग आहे, तो लपवत नाही. त्यांत दादाभाई नौरोजी ‘आर्थिक राष्ट्रवाद’ या प्रकरणात बंद असतात. हेच दादाभाई १८७४ मध्ये मल्हाररावांचे दिवाण होते, रेसिडेंटशी त्यांचे खटके उडाले आणि जानेवारी १८७५ मध्ये ते पायउतार झाले. संपत्तीच्या निःसारणाचा, म्हणजे इथला पैसा इंग्लंडला वाहून जातो हा, मुद्दा त्यांनी लंडनमध्ये १८६७ मध्येच मांडला होता. तोच धागा पुढे नेणारे रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले आणि १९०९ मध्ये दिवाण असताना इथेच वारले. दोघेही आपल्या गावचे म्हणावेत इतके जवळचे, आणि आपण त्यांना गाइडमध्ये शोधतो!

घरी मराठी, शाळेत गुजराती, पेपर इंग्रजीत, म्हणून घाबरत असाल तर घाबरू नका. आधी पाच ओळी मराठीत लिहा, बाबांना वाचून दाखवा, त्यांना कळलं की इंग्रजीत करा. भाषा साधी राहिली तरी चालते. विचार पोकळ असला की मात्र कुठलीच भाषा वाचवत नाही.

१९११ च्या दिल्ली दरबाराचा किस्सा लिहायचा मोह तुम्हाला होणारच. सयाजीराव एकदाच झुकले आणि बादशहा पंचम जॉर्जकडे पाठ करून निघाले, हे आपल्याकडे घराघरात सांगतात. लिहा, पण दोन ओळींत, आणि नंतर व्हाइसरॉयला पाठवाव्या लागलेल्या माफीच्या पत्रासकट. पत्र गाळलंत तर ती नुसती शौर्यकथा होते, आणि प्रश्न शौर्यावर विचारलेला नसतो.