मेम्ब्रेन वारंवार का तुंबत होती?

चाकणजवळच्या एका दुग्धपदार्थांच्या कारखान्यातील सांडपाणी प्रकल्पाची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील बंदिस्त, प्राणवायूविरहित टाकीला मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी, जोडलेली असल्याने सूक्ष्मजीव टाकीतच राहतात आणि गाळलेले पाणी बाहेर पडते. मात्र हिवाळ्यात मेम्ब्रेनवरील दाब वाढत गेला आणि सायट्रिक ॲसिडने धुऊनही उतरेना. हे ॲसिड क्षारांचा थर काढते, स्निग्ध थर नव्हे, म्हणून माझा संशय तुपाच्या विभागाकडे वळला. थंड रात्री उघड्या साठवण टाकीत चरबी गोठून तिचे गोळे पुढे जात होते. शिवाय चरबीतून सुटणारी मेदाम्ले मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरत असल्याने बायोगॅसही घटला होता.

बंद पडलेले डीएएफ युनिट, म्हणजे हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांनी चरबी वर आणून खरवडणारी यंत्रणा, दुरुस्त करून घेतले आणि टाकीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखले. मेम्ब्रेन सोडियम हायपोक्लोराइटने धुतली, पण ते पाणी टाकीत जाऊ दिले नाही. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे दोन धुण्यांच्या मध्ये साध्या पाण्याने भरपूर खळबळणे अनिवार्य आहे. याबाबत मी कोणाचीही घाई ऐकून घेत नाही.

टाकीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा भार हळूहळू वाढवताना बाष्पनशील मेदाम्ले (ॲसिटिक ॲसिडसारखी लहान आम्ले) आणि अल्कता (आम्ल सोसण्याची पाण्याची क्षमता) यांचे गुणोत्तर ०.३ च्या खाली ठेवले. दाब उतरला. अमोनिया मात्र या प्रक्रियेत पाण्यातून काढला जात नाही, म्हणून पुढची वायुवीजन टाकी कायम ठेवली आहे.