सिरॅमिक ग्रिलवर एका वेळी सहा स्लॅब रिब्ज

फोर्थ ऑफ जुलैला पंधरा-सोळा माणसं जेवायला असली की मी बॅकयार्डात कमाडोवर पोर्क रिब्ज करतो, कमाडो म्हणजे ती अंड्यासारखी जाड सिरॅमिकची ग्रिल, आपल्या तंदूरच्या जातकुळीतली. दोन स्लॅब, म्हणजे बरगड्यांच्या दोन अखंड पट्ट्या, कोणालाही जमतात, सहा करायचे म्हटलं की मात्र गणित बदलतं.

सेंट लुईस कट घ्या, म्हणजे कडा छाटून सरळ केलेला स्लॅब, चौकोनी असतो, स्टँडमध्ये नीट बसतो. १८ इंची जाळीवर आडवे ठेवले तर दोन, फार तर तीन मावतात, म्हणून उभ्या खाचांचा रिब स्टँड हवाच. आणि प्रत्येक स्लॅब मधोमध कापून दोन तुकडे करा, कारण पूर्ण स्लॅबची टोकं डिफ्लेक्टरच्या, म्हणजे आच थेट लागू नये म्हणून कोळसा आणि जाळीच्या मध्ये ठेवतात त्या सिरॅमिकच्या ताटलीच्या, बाहेर जातात आणि कडेने येणारी आच थेट तिथेच लागते, आतलं मांस कच्चं असताना टोकं करपलेली असतात.

हाडांच्या बाजूचा पापुद्रा काढायचाच, तो ठेवला तर खाताना रबरासारखा दातात येतो. दुसऱ्या-तिसऱ्या हाडावर चमच्याचं मागचं टोक आत सारायचं, बोटभर सुटला की पेपर टॉवेलने घट्ट पकडून ओढायचा, नुसत्या बोटांनी सटकतो. मग मीठ, भरड मिरी, ब्राउन शुगर, लसूण पावडर, पाप्रिका. पाप्रिकाऐवजी मी काश्मिरी तिखट घालतो, रंग फार छान येतो. हे आदल्या रात्रीच चोळून फ्रिजमध्ये.

कोळसा लम्पच घ्या, म्हणजे ओबडधोबड तुकड्यांचा लाकडी कोळसा, ब्रिकेटची, म्हणजे दाबून केलेल्या वड्यांची, राख जास्त होते आणि खालून हवा अडते. फायरबॉक्स, म्हणजे तळाचा कोळशाचा कप्पा, भरून घ्या, हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे चार-पाच तुकडे वर-खाली पेरा, आणि मध्ये एकाच ठिकाणी पेटवा. २२५ ते २५० फॅरनहाइट गाठायचंय, पण २०० ला आलं की लगेच व्हेंट, म्हणजे वरची-खालची हवेची झडप, आवळायला लागा, सिरॅमिक एकदा तापलं की लवकर उतरत नाही. सुरुवातीचा दाट पांढरा धूर जाऊ द्या, पातळ निळसर झाला की मांस आत, नाहीतर धुंगार कडवट होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढं थंड मांस आत गेलं की थर्मामीटरचा काटा धाडकन खाली येतो आणि हात आपोआप व्हेंटकडे जातो. नका उघडू! मी पहिल्यांदा उघडले होते, तासाभरात ३५० झालं, साखर जळून काळी पडली आणि पुढे ते उतरता उतरेना. व्हेंट आहेत तसेच ठेवा, काटा हळूहळू आपणच वर येतो. अजून एक, झाकणातल्या थर्मामीटरची दांडी उभ्या मांसाला टेकत नाही ना बघा, टेकली तर आकडा खोटा.

तीन तास झाकण उघडायचं नाही. मग आतले तुकडे बाहेर, बाहेरचे आत. रंग गडद महोगनी झाला की थोडा ॲपल ज्यूस शिंपडून फॉइलमध्ये गुंडाळा, आता धूर लागत नाही त्यामुळे एकावर एक रचले तरी चालतं, फक्त तासाभराने खालचे वर करा. दीड तासाने तपासायला सुरुवात. चिमट्याने एका टोकाला धरून उचला, तुकडा वाकून वरची साल तडकायला लागली आणि हाडाचं टोक पाव इंच उघडं दिसलं की झालं. सॉस हवा असेल तर फॉइल काढून शेवटची वीस मिनिटं, आधी लावला तर करपतो.

पाहुणे उशिरा येणार असतील तर परत फॉइल लावून, टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये ठेवा, तासभर तरी चांगले गरम राहतात, फक्त मांस १४० च्या खाली जाऊ देऊ नका. दोन्ही व्हेंट पूर्ण बंद केले की आग विझते, उरलेला कोळसा पुढच्या वेळी तसाच पेटतो, फक्त आधी राख झाडून घ्या.