मशीनमध्ये पाणी हळू भरतंय? आधी मागची जाळी बघा

नळाला पाणी जोरात, पण वॉशिंग मशीनमध्ये मात्र करंगळीएवढी धार. तासाभराचं धुणं लांबत जातं, कधी मशीन मध्येच एरर दाखवून थांबतं. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी इनलेटची, म्हणजे पाणी आत येतं त्या तोंडाची, जाळी तपासा.

१. नळ बंद करा, प्लग काढा.

२. मशीनच्या मागचा, नळाकडून येणारा पाइप हातानं फिरवून सोडवा. खाली बादली ठेवा, पाइपातलं पाणी सांडतंच.

३. पाइप बसतो त्या तोंडात छोटी गोल जाळी दिसेल. तिचा मधला दांडा पक्कडीनं हलकेच धरून सरळ बाहेर ओढा. पिरगाळू नका, प्लॅस्टिक असतं.

४. जुन्या टूथब्रशनं घासून धुवा. आमच्या जाळीवर तांबूस गाळाचा अक्षरशः थर होता. पांढरा क्षार निघत नसेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

५. जाळी आणि पाइपातला रबरी वॉशर जागेवर बसवून पाइप आवळा. नळ चालू करून गळत नाही ना ते बघा, मगच प्लग लावा.

जाळीशिवाय मशीन एकदाही चालवू नका. वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकला तर मशीन बंद असतानाही पाणी आत झिरपत राहतं.