फिरकीचा तांब्या वापरात आणताना

वारीला, काशीयात्रेला न्यायचा पितळी फिरकीचा, म्हणजे आट्यांच्या झाकणाचा तांब्या माळ्यावर पडून राहिला की ठाण्याच्या दमट हवेत आट्यांत हिरवा थर साचतो आणि झाकण अडकतं. पक्कड अजिबात लावू नका; पितळ दबून झाकण लंबगोल झालं, की पुन्हा नीट बसत नाही. झाकण गळ्याच्या बाहेरून फिरणारं असेल तर फक्त त्यावरच गरम पाणी ओता. ते आधी प्रसरण पावतं. मग फडक्याने धरून फिरवा. आटे चिंच-मीठ लावून जुन्या टूथब्रशने घासा, हिरवं पाणी यायचं थांबेपर्यंत. आत पिवळं पितळ दिसलं तर आधी कल्हई करून घ्या. मग भरून 10 मिनिटं वर्तमानपत्रावर आडवा ठेवा, गळती लगेच कळते. ताक, सरबत नको; आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणजे बिघडतो. ठेवताना कोरडा, झाकण उघडं.