रविवारी चार वाजता : वृद्धाश्रमात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

नववीत असताना जुलै महिन्यातल्या एका रविवारी मी पहिल्यांदा आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर असलेल्या वृद्धाश्रमात गेले आणि बारावीची परीक्षा होईपर्यंत, थोडे खंड सोडले तर, दर रविवारी जात राहिले. सध्या मी नागपुरातच समाजकार्याच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेतली काही मुले-मुली मला विचारतात की आम्हालाही असे काही करायचे आहे, पण सुरुवात कशी करावी आणि अभ्यासातून वेळ कसा काढावा. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वेळेविषयी. माझी शाळा सकाळची होती, दुपारी शिकवणी आणि संध्याकाळी गृहपाठ, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांत काही जमणार नाही हे स्पष्ट होते. मी रविवारी चार ते साडेपाच हा दीड तास ठरवला आणि तो अभ्यासाच्या वेळापत्रकात गणिताच्या तासासारखाच लिहून टाकला. नवख्या मुलांची चूक इथेच होते. उत्साहाच्या भरात ती आठवड्यातून तीन दिवस येण्याचे कबूल करतात आणि घटक चाचणी आली की महिनाभर दिसत नाहीत. तिथल्या माणसांना तुमच्या तासांची संख्या मोजायची नसते. ठरलेल्या वारी तुम्ही येता की नाही, एवढेच त्यांना महत्त्वाचे वाटते. आमच्या आश्रमातल्या एका आजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या प्रत्येक रविवारी पेन्सिलने टिंब देऊन ठेवलेले होते, हे मला तिथे जाऊ लागल्यावर तीन महिन्यांनी कळले. दिवाळीत आणि 1 ऑक्टोबरला, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनाला, आश्रमात फराळाचे डबे घेऊन येणाऱ्यांची एवढी गर्दी असते की आजी-आजोबांना दुपारची झोपही मिळत नाही. तुमची खरी गरज असते ती ऑगस्टमधल्या एखाद्या पावसाळी, कुणीही न येणाऱ्या रविवारी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार मात्र आधीच करून ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दुपारी चार वाजता सायकल चालवणे धोक्याचे असते. त्या दोन महिन्यांत मी सकाळी सात वाजता जात असे. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते, म्हणून कूलरसमोर बसलेले आजोबा पाणी मागत नाहीत याचा अर्थ त्यांना पाणी नको आहे असा होत नाही. दर अर्ध्या तासाने पेला हातात देणे हे त्या काळात माझे मुख्य काम होते. परंतु कोणाला पाणी मोजूनच द्यायचे आहे का, हे तिथल्या परिचारिकेला आधी विचारून घ्यावे, आणि झोपलेल्या अवस्थेत कोणालाही पाणी पाजू नये; उठवून नीट बसते करावे, मगच पाजावे.

प्रवेशाची पद्धत सोपी आहे. अठरा वर्षांखालील मुलांनी पालकांचे संमतिपत्र आणि शाळेचे पत्र घेऊन व्यवस्थापकांना आधी भेटावे. अकरावीला गेल्यावर महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर तिच्यात नाव नोंदवावे. ही योजना 1969 पासून सुरू आहे, तिच्यात वर्षाला 120 तास सेवा अपेक्षित असते आणि आश्रमातले तास त्यात धरता येतील का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात विचारता येते. प्रमाणपत्र मिळाले तर घ्यावे, पण केवळ त्यासाठी येणारा मुलगा तिथल्या लोकांना दुसऱ्याच भेटीत ओळखू येतो.

पहिल्या काही आठवड्यांत काय बोलावे हेच मला सुचत नसे. व्यवस्थापकांनी मला वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम दिले. मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेले एक आजोबा तरुणपणी एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ती गिरणी मी कधी पाहिलेली नव्हती. मला तिच्या जागी उभा राहिलेला मॉल तेवढा ठाऊक होता. मी त्यांना क्रिकेटच्या, हवामानाच्या, शहरातल्या नव्या रस्त्यांच्या बातम्या वाचून दाखवत असे आणि निधनवार्तांचे पान मुद्दाम उलटून टाकत असे, कारण ते ऐकून त्यांना वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. चौथ्या रविवारी त्यांनी मला थांबवले. ‘काऊन वं, ते पान काऊन सोडून देऊन राहिली? कोण गेलं ते आधी सांग,’ असे ते म्हणाले. त्यांच्या पाळीतले किती सोबती अजून आहेत हे त्यांना त्या पानावरूनच कळत असे. त्या दिवशी एक नाव त्यांच्या ओळखीचे निघाले आणि पुढचा तासभर ते त्या माणसाविषयी, दोघे मिळून नेत असलेल्या डब्याविषयी आणि मिलच्या भोंग्याविषयी बोलत राहिले. वृद्धांना काय सोसेल आणि काय सोसणार नाही, हे आपण आपल्या मनाने ठरवू नये, त्यांनाच विचारावे, हे मी तिथे शिकले.

आवाजाच्या बाबतीतही माझी अशीच चूक होत होती. ऐकू कमी येणाऱ्या आजींशी मी ओरडून बोलत असे आणि त्या आणखीच गोंधळत. वयोमानाने बहुधा चिरका, उंच पट्टीतला आवाज आधी ऐकू येईनासा होतो आणि ओरडताना नेमका तोच वाढतो. समोर बसून, त्यांना आपले ओठ दिसतील अशा रीतीने, खालच्या पट्टीत आणि सावकाश बोलल्यावर त्यांना जवळजवळ सगळे समजू लागले.

चाकांच्या खुर्चीविषयी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. माणूस बसताना किंवा उठताना दोन्ही ब्रेक लावलेले असावेत आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर उचललेल्या असाव्यात. तसेच उतारावरून खुर्ची नेताना आपण पाठमोरे होऊन, खुर्ची मागे घेत उतरावे. मी एकदा दारासमोरच्या छोट्या उतारावर खुर्ची सरळ पुढे लोटली आणि आतल्या आजी पुढे झुकल्या. तिथल्या मावशींनी वेळीच धरले म्हणून इजा झाली नाही. कोणी पडले तर लगेच हाताला धरून उभे करू नये. हाड मोडलेले असू शकते, त्यामुळे मोठ्या माणसाला बोलवावे आणि ते येईपर्यंत शेजारी बसून राहावे. औषधाची गोळी तर कोणी कितीही आग्रह केला तरी आपल्या हाताने देऊ नये.

आपल्या पिढीचा सर्वांत मोठा उपयोग मोबाइलच्या कामात होतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना साधारणपणे नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि 2014 पासून तो डिजिटल पद्धतीनेही देता येतो. आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकांच्या बोटांचे ठसे वयामुळे इतके पुसट झाले होते की यंत्र ते घेईना. चार वेळा बोट पुसून, पाचव्यांदा दाबून झाल्यावर त्यांनी मला विचारले, ‘बेटा, मी जिवंत आहे हे ह्या यंत्राला कसं सांगायचं?’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय वापरली. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवले, उजेड नीट पडू दिला आणि डोळे मिचकावायला सांगितले, तेव्हा काम झाले. हे काम नेहमी व्यवस्थापकांच्या समोर करावे. ओटीपी, बँकेचे पासबुक, पैसे यांना एकट्याने हात लावू नये, कारण यात आपल्याही आणि त्यांच्याही विश्वासाचा प्रश्न असतो. कोणी तुम्हाला छळाविषयी किंवा घरच्यांनी पैसे काढून घेतल्याविषयी सांगितले, तर ते मनात ठेवू नये. व्यवस्थापकांना, शिक्षकांना सांगावे, आणि ज्येष्ठांसाठी असलेल्या 14567 या राष्ट्रीय मदतक्रमांकाचाही उपयोग करावा.

मिलमधले आजोबा मी अकरावीत असताना गेले. मला ते रविवारी गेल्यावर, रिकामी खाट पाहून कळले. त्यानंतर दोन आठवडे मला तिथे जावेसे वाटेना. आईने समजूत घातली नाही, फक्त सायकलची हवा भरून ठेवली. अशा वेळी घरी किंवा एखाद्या शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे, रडू आले तर रडावे.

निरोप घेण्याचीही एक रीत आहे. परीक्षेसाठी सुट्टी घ्यायची असेल किंवा गाव सोडायचे असेल, तर निदान तीन आठवडे आधी प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगावे, व्यवस्थापकांकडे निरोप ठेवून निघून जाऊ नये. बारावीच्या परीक्षेआधी मी कॅलेंडरवाल्या आजींना सांगितले की फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये मला येता येणार नाही. त्यांनी चष्मा लावला, पाने उलटून एप्रिलचा पहिला रविवार शोधला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.